पायाची भेग, अवधाण आणि काजूचा चीक : प्रतिकारयंत्रणा कशी चालते, कुठे बिघडते

लावणीच्या दिवसांत कोकणात घरोघरी पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. दिवसभर कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, पाण्यात वावरलं की बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फुगते, सुटते आणि तिला बारीक भेगा जातात. रात्री तेल-हळद लावून माणूस झोपतो आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरतो. प्रतिकारशक्ती समजून घ्यायची तर या भेगेपासून सुरुवात केलेली बरी, कारण भेग पडण्यापूर्वी जे काम कातडी एकटी निभावत होती, ते आता आतल्या कितीतरी पेशींना मिळून करावं लागतं.

कोरोनाच्या काळापासून ‘इम्युनिटी वाढवा’ हे वाक्य आपल्या कानावर सतत पडतं आहे. काढे, चूर्णं, सरबतं, गोळ्या सगळ्यांवर ते छापलेलं असतं. पण प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त करता येईल अशी एकच एक वस्तू नाही. अस्थिमज्जा, प्लीहा, लसिकाग्रंथी, रक्तातल्या नाना प्रकारच्या पांढऱ्या पेशी आणि शेकडो प्रथिनं यांनी मिळून चालवलेली ती व्यवस्था आहे. तिच्यातला एखादा भाग कमी पडला तर आजार होतो, एखादा भाग नको तिथे चेतला तरी होतो आणि सुरू झालेलं काम वेळेवर थांबलं नाही तरी होतो. दवाखान्यात येणाऱ्या किती दुखण्यांमागे हा तिसरा प्रकार असतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

धडधाकट कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा, कोरडा आणि किंचित आंबट असतो. जंतूंना तिथे वाढायला जमत नाही. डोळ्यांतलं पाणी आणि लाळ यांत लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं, ते जीवाणूंचं कवच फोडतं. जठरातलं आम्ल, श्वासनलिकेतला चिकट स्राव, हे सगळे याच कामाचे. दिवसभर पाण्यात भिजून कातडी मऊ पडली की मात्र यातला मोठा आडोसा गेला.

भेगेतून जंतू आत शिरला की तिथेच वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, पहिल्यांदा जाग्या होतात. हा जंतू अमुकच आहे हे त्यांना कळत नाही. जीवाणूंच्या कवचात असे काही घटक असतात जे माणसाच्या शरीरात कुठेच नसतात, तेवढे ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, त्यांच्या अंगावर असतात. घटक ओळखला की त्या रासायनिक निरोप सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बाहेर येऊन जंतूंना गिळू लागतात. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते ती यामुळे. आपली अस्थिमज्जा दर दिवशी सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. पू म्हणजे मुख्यतः काम करून मेलेल्या याच पेशी. जोडीला रक्तातल्या तीसेक प्रथिनांचा एक संच असतो, त्याला पूरक प्रणाली म्हणतात. ही प्रथिनं एकापाठोपाठ एक चेतत जातात, जंतूच्या अंगाला चिकटतात आणि शेवटी त्याच्या पापुद्र्याला भोक पाडतात.

हे सगळं पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांना दिसलं तेही समुद्रकाठीच. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाली होती. पायात काटा मोडला की आपल्या पायात होतं ते हेच. १९०८ साली मेचनिकोव्ह यांना पॉल एर्लिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

मग याच भेगेतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, का होतो? लेप्टोस्पायरा हा पिळाच्या आकाराचा जीवाणू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्याच्या लघवीवाटे शेतातल्या, गोठ्यातल्या पाण्यात येतो. उंदराला त्याचा काही त्रास नसतो. माणसात तो शिरतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. जीवाणूंच्या कवचातला जो मेदयुक्त घटक आपले ग्राहक सहज ओळखतात, तोच लेप्टोस्पायरात जरा वेगळ्या घडणीचा आहे. माणसाच्या त्या ग्राहकाला तो नीट कळत नाही. त्यामुळे पहिली हाक उशिरा जाते. दुसरी गोष्ट अधिक चलाखीची. पूरक प्रणालीने आपल्याच पेशींना भोकं पाडू नयेत म्हणून रक्तात ‘फॅक्टर एच’ नावाचं एक आवर घालणारं प्रथिन असतं. लेप्टोस्पायरा ते प्रथिन आपल्या अंगावर चिकटवून घेतो, मग पूरक प्रणाली त्याला घरचाच समजून सोडून देते. तोवर तो रक्तात वाढतो. पुढे शरीराला जाग येते ती जोरात, आणि मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं यांच्या होणाऱ्या नुकसानीत जीवाणूइतकाच या उशिरा पेटलेल्या दाहाचाही वाटा असतो.

आता पायाच्या जखमेनंतर जांघेत येणारं अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, घ्या. आपल्याकडे ते आलं की जखम चिघळली असं धरतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या गाठीत नेमकं काय चाललेलं असतं? जखमेपाशी डेन्ड्रायटिक नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी असतात. त्या जंतूचा तुकडा घेतात आणि लसिकावाहिन्यांतून जवळच्या लसिकाग्रंथीत जातात. अशा पाचशेहून अधिक ग्रंथी आपल्या अंगात आहेत, पायासाठीच्या जांघेत, हातासाठीच्या काखेत. तिथे टी आणि बी या दोन जातींच्या लसिकापेशी दाटीवाटीने असतात, आणि आणलेला तुकडा नेमक्या कुणाच्या ग्राहकात बसतो ते तिथे पाहिलं जातं.

इथली मेख अशी की जंतू येण्याच्या कितीतरी आधी हे ग्राहक तयार असतात. समुद्रात आज कोणता मासा लागेल ते ठाऊक नसताना एखाद्याने लहान-मोठ्या घराची, नाना मापांची लाखो जाळी आधीच विणून ठेवावीत, आणि एका जाळ्यात मासा लागला की मग त्याच मापाची हजारो जाळी भराभर विणायला घ्यावीत, तसं हे काम चालतं. बी पेशी घडताना तिच्यातले जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडले जातात, म्हणून प्रत्येकीचा ग्राहक वेगळा. हे जोडकाम उलगडून दाखवल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. जुळणारी पेशी सापडली की ती दुणावत जाते, ग्रंथी फुगते आणि काही दिवसांनी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात उतरू लागतात.

या ‘काही दिवसांनी’ला आपल्याकडे फार महत्त्व आहे. लेप्टोची आयजीएम चाचणी ही प्रतिपिंडंच शोधते, आणि ती साधारण तापाच्या पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास रक्तात पुरेशी होतात. दुसऱ्या दिवशी चाचणी करून ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. लावणीच्या हंगामात ताप आला, पोटऱ्या विलक्षण दुखत असल्या, डोळे लाल झाले असले तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करतात ते यासाठी. शेतात गेलो होतो, पायाला भेगा आहेत, हे आपण होऊन सांगावं. लेप्टो टाळण्यासाठी हंगामात आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्याही सांगितल्याप्रमाणेच घ्याव्यात.

ग्रंथीत टी पेशींचं काम दोन प्रकारचं असतं. काही टी पेशी विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी शोधून मारतात. दुसऱ्या साहाय्यक, त्यांना सीडी-४ म्हणतात. बी पेशींना आणि मारक पेशींना जोमाने वाढायला यांची संमती लागते. एचआयव्ही नेमक्या या सीडी-४ पेशींत शिरतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलीमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. उपचाराविना हा आकडा २०० च्या खाली गेला की एरवी निरुपद्रवी असणारी बुरशीसुद्धा जिवावर बेतते. बाकी सगळ्या पेशी जागच्या जागी असतात, त्यांना कामाला लावणाऱ्या तेवढ्या उरत नाहीत. रोज औषध घेणाऱ्यांचा सीडी-४ आकडा पुन्हा वर येतो, म्हणून उपचारात खंड पडू देता नये.

आजार बरा झाल्यावर जुळलेल्या पेशींपैकी काही वर्षानुवर्षं टिकतात. लस याच स्मृतीवर उभी आहे. आपल्या किनाऱ्याला लशीचा इतिहास नवा नाही. प्लेगने मुंबई हादरली असताना वाल्डेमार हाफकिन यांनी तिथेच प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. स्मृती पुसलीही जाते, हे मात्र कमी लोकांना माहीत आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींतच शिरतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासणी केली, तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाल्याचं २०१९ मध्ये दिसून आलं. अंगावरचे पुरळ आठवड्याभरात जातात आणि मूल नंतर महिनोन्‌महिने न्यूमोनियाने, जुलाबाने आजारी पडत राहतं, त्याचं हे कारण. ‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो’ असं म्हणणाऱ्या आजी-आजोबांना हे जरूर सांगावं.

प्रतिपिंडं उसनीही घेता येतात. बाळाला आईकडून गर्भातच काही मिळतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या पिवळसर दुधातून आणखी मिळतात. ते दूध पिळून टाकण्याची चाल अजून कुठे असेल तर ती बंद व्हायला हवी. दुसरी उसनवारी घोड्याकडून होते. फुरशाचा, घोणशीचा, नागाचा, मण्याराचा विषारी अंश घोड्याला थोडा थोडा टोचतात. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं शुद्ध केली की सर्पदंशावरचं प्रतिविष होतं. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी घटसर्प आणि धनुर्वातासाठी जी वाट काढली तीच ही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळावर, गवतात, दगडांच्या गडग्यात फुरसं आजही आहे, आणि त्याच्या विषावर या उसन्या प्रतिपिंडांखेरीज दुसरा उतारा नाही. दंशाची जागा कापणं, आवळून बांधणं, मंत्र घालणं यात फक्त वेळ जातो.

पण घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकंच. काहींना ते देताना अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब उतरतो. म्हणून डॉक्टर अ‍ॅड्रेनालीनचं इंजेक्शन हाताशी ठेवूनच सलाईन लावतात. काहींना घरी गेल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप येतो, सांधे धरतात. विष ‘उलटलं’ असं तेव्हा घरचे समजतात. ते विष नसतं. आपली प्रतिपिंडं घोड्याच्या प्रथिनाला चिकटून त्यांचे पुंजके सांध्यांत, कातडीत साठलेले असतात. पुन्हा त्याच दवाखान्यात जावं, थोड्या औषधाने ते निवळतं.

नको तिथे चेतलेली प्रतिकारयंत्रणा पाहायची असेल तर फाल्गुन-चैत्रात कोकणातल्या कुठल्याही काजूवाल्या घरात जा. ओले काजू सोलणाऱ्या बाईच्या बोटांची टोकं काळी पडलेली असतात, कातडीचे पापुद्रे निघालेले असतात. काजूच्या टरफलाच्या दोन थरांमध्ये तेल असतं, त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्यं असतात. ताजा चीक लागल्या लागल्या जी आग होते ती त्या तेलाच्या दाहकपणाची, त्यात पेशींचा दोष नाही. खरा प्रकार पुढे आहे. हे रेणू इतके लहान की एकटे असताना प्रतिकारपेशींना दिसतही नाहीत. पण ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि मग ते जोडलेलं प्रथिन परकं वाटू लागतं. पहिल्या वेळी शरीर फक्त ओळख ठेवतं. पुढच्या खेपेला थेंबभर चीक लागला तरी दीड-दोन दिवसांनी खाज, फोड, सूज. याला आपण ‘चीक उतला’ म्हणतो. हे काम टी पेशींचं आहे आणि त्यांना जमायला वेळ लागतो. म्हणून सोमवारी काजू सोलले आणि बुधवारी चेहरा सुजला तर माणूस मंगळवारी खाल्लेल्या माशाला बोल लावतो.

बिब्बा आणि आंबा काजूच्याच कुळातले. बिब्बा उतलेल्या माणसाला काजूचा चीक सोसत नाही, आणि काही मुलांच्या ओठांभोवती आंबा चोखल्यावर फोड येतात तेही यातूनच. देठाकडचा चीक गाळून, फळ धुऊन, साल काढून दिलं तर पुष्कळदा त्रास टळतो. सोलणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावतात, त्याने चीक कातडीला कमी भिडतो. हातमोजे त्याहून चांगले, आणि ज्यांच्या फॅक्टरीत त्या राबतात त्या मालकांनी ते द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

कोळंबीची गोष्ट निराळी. ती मिनिटांत गाठते. काहींच्या शरीरात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिन नावाच्या स्नायुप्रथिनाविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं तयार होतात आणि मास्ट पेशींवर बसून राहतात. घास पोटात गेला की त्या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं द्रव्य बाहेर पडतं. गांधी, ओठांना सूज, उलटी, आणि वाईट झालं तर श्वास अडकणं. हे प्रथिन शिजवून मोडत नाही, आणि कुर्ली, शेवंड, जवळा, सोडे या सगळ्यांत असतं. श्वास लागला किंवा भोवळ आली तर घरगुती उपाय न करता अ‍ॅड्रेनालीन मिळेल तिथे तातडीने न्यावं.

आता बांगडा. बांगडा खाऊन तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, आणि माणूस जन्मभरासाठी ठरवून टाकतो की आपल्याला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे. पुष्कळदा तसं नसतं. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन हा प्रथिनांचा एक घटक भरपूर असतो. मासा पकडल्यावर बर्फाविना उन्हात पडून राहिला की जीवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. म्हणजे मास्ट पेशींनी सोडायचं द्रव्य आयतं ताटात येतं, प्रतिकारयंत्रणेचा त्यात काही हात नसतो. कितीही कडक तळला तरी ते जात नाही, आणि वासावरून दर वेळी कळतंच असंही नाही. ओळखायची खूण सोपी आहे : त्याच कालवणातलं जेवलेल्या आणखी कुणाला त्रास झाला का? झाला असेल तर दोष माशाच्या हाताळणीचा. जाळ्यातून निघाल्यापासून मासा बर्फात राहिला तर हा प्रकार घडत नाही. डॉक्टरांनाही ‘घरात आणखी कुणाला’ हे आपणच सांगावं, कारण औषध दोन्हीला एकच लागू पडतं आणि निदान चुकीचं राहून जातं.

आपल्याच अवयवांवर उठणाऱ्या पेशींबद्दल थोडक्यात. अशा बऱ्याच टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीतच मारल्या जातात. उरलेल्यांना नियामक टी पेशी आवरतात. या पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकातलं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. हा आवर सुटला की आमवात, लहान मुलांचा मधुमेह, ल्युपस. कधी जंतूच आपल्यासारखा दिसतो. घसादुखीच्या स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिपिंडं काही मुलांच्या हृदयाच्या झडपांना इजा करतात, म्हणून त्या घसादुखीचं औषध पूर्ण घ्यायचं. डेंग्यूत तर जुनी प्रतिपिंडंच घात करतात. त्याचे चार प्रकार आहेत. एकदा एक झाला आणि पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर आधीची प्रतिपिंडं नव्या विषाणूला निकामी न करता नुसती चिकटतात आणि पेशींत शिरायला मदत करतात. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अनेकदा जास्त गंभीर असतो तो यामुळे.

एवढं पाहिल्यावर ‘इम्युनिटी वाढवणारी’ औषधं आपल्याला कशी दिसायला हवीत? गुळवेल आपल्या कुंपणावर फोफावते, आणि कोरोनात लोकांनी ती रोज घेतली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांत स्वप्रतिकाराची, म्हणजे यंत्रणा आपल्याच अवयवांवर उठल्याची, लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद बाजूला ठेवला तरी ज्याला थायरॉइडचा, आमवाताचा किंवा यकृताचा स्वप्रतिकार आजार आहे, त्याने प्रतिकार चेतवण्याच्या आशेने काहीही रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हे माझं ठाम मत आहे. मधुमेह्याची साखर आटोक्यात आली तर त्याच्या न्यूट्रोफिलना जेवढं बळ येतं तेवढं कुठल्या काढ्याने येणार नाही. साखर चढलेली असताना त्या जखमेकडे नीट जात नाहीत, गेल्या तरी जंतू नीट मारत नाहीत, आणि चिखल्याची भेग महिनाभर भरत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सांधेदुखीच्या, दम्याच्या बिननावाच्या पुड्यांची. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक लागते, माणूस खूश. अशा पुड्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून घातलेलं असतं. ही स्टेरॉइडं डॉक्टरांच्या हातात जीव वाचवतात, कारण दाह थांबवण्याचं काम त्यांच्याइतकं चटकन दुसरं कोणी करत नाही. पण तीच महिनोन्‌महिने पोटात गेली की टी पेशी दबतात, न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेर पडेनाशा होतात, वर्षानुवर्षं निपचित पडलेला क्षय डोकं वर काढतो. साखर चढते, चेहरा गोल होतो, हात-पाय काटकुळे होतात, कातडी कागदासारखी पातळ पडते. आणि कुणी सांगितलं म्हणून पुडी एका दिवसात सोडली तर तेही धोक्याचं, कारण बाहेरून मिळतंय म्हणून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीने स्वतःचं स्टेरॉइड करणं थांबवलेलं असतं. तिला पुन्हा कामाला लागायला आठवडे, कधी महिने लागतात. अशी पुडी घरात कुणी घेत असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवसांपासून आणि दिवसाला किती घेतल्या ते सांगा, आणि मात्रा उतरवत कशी न्यायची ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.